क्रातोमचे पान आणि अफूचा खजिना

व्यसनांचा इतिहास लिहिणारा बहुधा माणसाच्या दुबळेपणाचाच इतिहास लिहीत असतो. परंतु सरकारी जमाखर्चाच्या वह्या शेजारी ठेवून तो वाचला, म्हणजे त्याची एक निराळीच बाजू दिसू लागते. दक्षिण थायलंडातील क्रातोम नावाच्या वृक्षाची हकीकत या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे.

हा वृक्ष आपणांस सर्वस्वी परका नाही. कॉफीच्या कुळातील हे झाड. आपल्या रानांतला कळंब तर त्याच्याच प्रजातीतला. १८३९ साली डच वनस्पतिशास्त्रज्ञ कोर्थाल्स यांनी या प्रजातीला मित्रागायना हे नाव दिले, ते फुलातील कुक्षीचा आकार ख्रिस्ती बिशपच्या उंच टोपीसारखा भासला म्हणून. कळंबाशी क्रातोमचे नाते आहे ते कुळाचे, गुणाचे नव्हे.

सयामच्या दक्षिण भागात शेतकरी आणि रबराच्या मळ्यांतील मजूर पिढ्यान्‌पिढ्या हे पान चघळत आले. मधली शीर काढून टाकावी, बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून किंचित मीठ घ्यावे, आणि उन्हातान्हात कामाला लागावे. आलेल्या पाहुण्यापुढेही, आपण विडा ठेवावा तसे, ते ठेवले जाई. थोडे पान खाल्ले तर हुशारी वाटते, थकवा जाणवत नाही. अधिक खाल्ले तर गुंगी येते, वेदना बोथट होतात. या दुहेरी गुणाचे रहस्य त्यातील अल्कलॉइडांत आहे. १९२१ साली एलेन फील्ड यांनी त्यांतील मुख्य द्रव्याला मित्रागायनीन हे नाव दिले. अफूतील मॉर्फीन मेंदूतील ज्या ग्राहकांवर परिणाम करते, त्यांच्यावरच हे द्रव्यही परिणाम करते, हे पुढील संशोधनाने दाखवले. मलायातील मंडळींना मात्र ही गोष्ट अनुभवाने केव्हाच ठाऊक होती. अफू मिळेनाशी झाली, की ते या पानाकडे वळत.

आणि इथेच पानाची गाठ खजिन्याशी पडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास राजा मोंगकुट यांच्या अमदानीत सयाममध्ये अफूविक्रीचे मक्ते दिले जाऊ लागले; विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने तो व्यवहार स्वतःच्या हाती घेतला. ही अफू बव्हंशी हिंदुस्थानातून जाई. तेव्हा या कथेत आपल्याही इतिहासाचा एक धागा गुंतलेला आहे. अफूवरील कर राज्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. कर वाढला तशी अफू महाग झाली, आणि गरीब माणूस परसातल्या फुकटच्या पानाकडे वळू लागला. त्या पानावर कर नव्हता! अफूच्या उत्पन्नाला त्यामुळे खार लागत असल्याची तक्रार विधिमंडळातही झाली. १९४३ साली क्रातोमबंदीचा कायदा आला. नवी झाडे लावण्यास मनाई झाली, असलेली तोडण्याचा हुकूम निघाला. सरकारी अफूची दुकाने मात्र १९५९ पर्यंत उघडी होती. सोळा वर्षे सौम्य पान गुन्हा ठरले, आणि जहाल अफू सनदशीर राहिली.

यावरून पान निरुपद्रवी होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. दीर्घकाळ सेवन करणाऱ्या ३० थाई व्यक्तींचा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला. झोप उडणे, भूक मंदावून वजन घटणे, तोंडाला कोरड पडणे, गालांवरील कातडी काळवंडणे, ही लक्षणे त्यात नोंदलेली आहेत. काहींना भ्रमही होत. सवय सोडू पाहताच अंग मोडून येई, नाक वाहू लागे, चित्त चिडचिडे होई. धोका होताच, कायदा करणाऱ्यांनी तो पाहिला नव्हता, इतकेच. त्यांची दृष्टी आकड्यांवर होती.

खरी हानी झाली ती याच ठिकाणी. बंदीने झाडे संपली नाहीत आणि सवयही सुटली नाही. १९७९ च्या कायद्याने हे पान गांजाच्या वर्गात बसवले, तरी ते चघळले जातच राहिले. पुढे दक्षिणेतील तरुण त्याचा काढा खोकल्याचे औषध आणि कोला यांत मिसळून पिऊ लागले, तेव्हा सावधगिरीचा शब्द सांगण्याइतकी पत कायद्यापाशी उरली नव्हती. अखेर २४ ऑगस्ट २०२१ रोजी क्रातोम अंमली पदार्थांच्या यादीतून वगळण्यात आले. १८ वर्षांखालील व्यक्तींना आणि गर्भवती व स्तन्यदा मातांना ते विकू नये, असा विवेकी निर्बंध २०२२ साली घालण्यात आला.

परंतु तेवढ्यात पानाचेच रूप पालटले होते. मजुराच्या तोंडातील पान समुद्रापार भुकटी झाले, अर्क झाले, गोळी झाले. ताज्या पानात अत्यल्प असणारे एक जहाल द्रव्य वेगळे काढून विकले जाऊ लागले. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला त्यावर नियंत्रणाची शिफारस करावी लागली. शेतावरच्या अनुभवाने ठरलेले प्रमाण त्या गोळीला लागू पडत नाही.

कोणत्याही राजसत्तेला प्रजेस सावध करण्याचा अधिकार आहे. नव्हे, ते तिचे कर्तव्यच आहे. परंतु तो इशारा प्रजेच्या प्रकृतीसाठी आहे की तिजोरीसाठी, हे लोकांच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. हेतू एकदा उघडा पडला, म्हणजे त्यानंतरचा खरा इशाराही खोटा वाटू लागतो. त्याची किंमत सरकारला द्यावी लागत नाही. ती त्या काढ्याचा पेला तोंडाला लावणारा मुलगा देतो.