सलीम, मोहम्मद
सलीम, मोहम्मद : (१९०४–१९८०). भारतीय फुटबॉलपटू; युरोपीय क्लबकडून खेळणारे पहिले भारतीय. जन्म कोलकात्यात. मोहमेडन स्पोर्टिंगने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकली. त्या संघात ते उजव्या बगलेवर खेळत.

१९३६ मध्ये ते एका नातेवाइकाबरोबर ब्रिटनला गेले. ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने चाचणी घेऊन त्यांना राखीव संघात घेतले. ते बूट न घालता खेळत. प्रशिक्षक जिमी मॅकमेनेमी त्यांच्या अनवाणी पायांना पट्ट्या बांधीत असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. गॅल्स्टन (७–१) व हॅमिल्टन (५–१) यांवरील विजयांत ते खेळले. हॅमिल्टनविरुद्ध त्यांनी पेनल्टीवर गोल केला. चेंडूवरील त्यांच्या हुकमतीची स्कॉटिश वृत्तपत्रांनी भरभरून स्तुती केली. क्लबने थांबण्याचा आग्रह केला. पण घरच्या ओढीने ते मायदेशी परतले. मुख्य संघातर्फे खेळण्याचा योग आलाच नाही.

पारतंत्र्याच्या काळात भारतीय खेळाडूची गुणवत्ता परक्या मैदानावर निर्विवाद सिद्ध झाली, हे या दोन सामन्यांचे मोल होय. भारतीय फुटबॉलच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान मिळायलाच हवे.