डोक्याला मार आणि अजिनोमोटो

सर्व्हर एका फटक्यात झोपत नाही, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना अनुभवाने ठाऊक असतं. आधी एक प्रोसेस मरते आणि मरताना शेजारणीला घेऊन जाते. मार लागलेल्या मेंदूचंही असंच होतं! हे कसं कळलं त्याची ही गोष्ट.

यातला खलनायक ओळखीचा आहे : ग्लुटामेट. १९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदांनी ते समुद्री शेवाळातून वेगळं काढलं. त्याचंच मीठ म्हणजे चायनीजच्या गाडीवरचं अजिनोमोटो. (घाबरू नका, तुमच्या नूडल्सचा इथे दोष नाही. मेंदू स्वतःचं ग्लुटामेट स्वतःच बनवतो, त्याच्या पेशी त्यातूनच एकमेकींशी बोलतात.)

१९५७ मध्ये ल्यूकस आणि न्यूहाउस यांना दिसलं, की ग्लुटामेट टोचलं की उंदरांच्या पिल्लांच्या डोळ्यांचा आतला पडदा नष्ट होतो. १९६९ मध्ये जॉन ओल्नींनी मेंदूतही तेच दाखवलं. म्हणजे जास्त उत्तेजित झालेली पेशी मरते. १९८९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की डोक्याला मार बसला की मेंदूत ग्लुटामेटचा पूर येतो. २००१ मध्ये पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी जबर मार लागलेल्या मुलांच्या मेंदूभोवतीच्या पाण्यात ते वाढलेलं मोजलं. पेशीत कॅल्शियम घुसतं, तिची ऊर्जा संपते, ती मरते आणि तिचं ग्लुटामेट शेजारणीवर सांडतं. म्हणजे अपघात क्षणाचा, पण नुकसान पुढे कित्येक तास चालूच!

मग उपाय सोपा वाटला. जनावरांत थंडाव्याने हा पूर ओसरत होता, तर मुलांनाही थंड करू. लॉजिक एकदम चोख.

कॅनडा, ब्रिटन आणि फ्रान्समधल्या १७ केंद्रांत २२५ मुलांवर हे तपासलं गेलं. काहींचं शरीर २४ तास ३२.५ अंशांवर ठेवलं, बाकीच्यांचं नेहमीच्या तापमानाला. निकाल २००८ मध्ये आला : थंड केलेल्यांत २१ टक्के मुलं गेली, दुसऱ्या गटात १४ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकला असता, पण मुलं बरी होण्यात फायदा मात्र दिसला नाही. दुसरी एक चाचणी तर फायद्याची आशाच उरली नाही म्हणून मध्येच थांबवली. तिचा अहवाल २०१३ चा.

आपला कोड चोख वाटला तरी आपण टेस्ट करतो. इथे टेस्ट करायला कुणाची तरी मुलं होती, आणि त्यांच्या आईबापांनी त्या काळरात्री सही केली. त्यांनी ती केली नसती तर आपण अजूनही 'चांगलंच आहे' म्हणून मुलांना गारठवत बसलो असतो.

असो. लेकराला सायकलवर बसवताना हेल्मेट घाला. तो पूर थोपवणारा खात्रीचा इलाज अजून नाही.