व्हर्च्युअल डेस्कटॉपचं अपग्रेड : आधी काय तपासायचं, कुठल्या क्रमाने करायचं?

नार्वे (डिचोली) : काउंटरवर एक छोटा डबा, त्याला स्क्रीन आणि कीबोर्ड. खरा संगणक मात्र दूर कुठेतरी सर्व्हरवर चालतो. यालाच व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतात. पन्नास संगणक वेगवेगळे सांभाळण्याऐवजी एकच मूळ प्रत सांभाळायची, हा त्याचा फायदा. धोकाही तिथेच आहे. नार्वेहून दिवाडीला जाणारी फेरी धक्क्याला लागून राहिली की सगळ्यांचाच खोळंबा होतो, तसं इथे सर्व्हर अडला की पन्नासही खिडक्या एकदम बंद. म्हणून सीमेच्या अलीकडे-पलीकडे बँका, पतसंस्था, महाविद्यालयं, हॉस्पिटलं यांची सिस्टीम सांभाळणाऱ्यांसाठी ही माहिती.

अपग्रेड टाळून चालेल का?

फार काळ नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. व्हीएमवेअर व्हीस्फिअर ७ चा सर्वसाधारण सपोर्ट त्याच महिन्यात २ तारखेला संपला. सिट्रिक्सची १९१२ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती डिसेंबर २०२४ मध्येच बाद झाली. मुदत संपली म्हणून सिस्टीम लगेच बंद पडत नाही, त्यामुळे संचालक मंडळाला घाई वाटत नाही. पण नवी सुरक्षा दुरुस्ती मिळणं थांबतं.

त्याचा अर्थ काय, ते डिसेंबर २०२१ मध्ये दिसलं. लॉगफोरजे या प्रणालीतली त्रुटी उघड झाली आणि महिन्याभरात व्हीएमवेअर होरायझनच्या सर्व्हरवर हल्ले सुरू झाले. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेला इशारा काढावा लागला. आपल्याकडे जुलै २०२४ मध्ये सी-एज टेक्नॉलॉजीजवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, तेव्हा सुमारे ३०० लहान बँकांचे पेमेंट व्यवहार थांबले. तो प्रकार व्हर्च्युअल डेस्कटॉपचा नव्हता. पण एका जागी बिघाड झाला की झळ किती शाखांना बसते, हे त्यातून कळलं.

आवृत्तीचा आकडा नीट वाचा

सिट्रिक्सच्या २४०२ चा अर्थ २०२४ सालचा दुसरा महिना. होरायझनचे आकडेही असेच वाचायचे. होरायझन आता व्हीएमवेअरकडे नाही. २०२४ पासून ते ओम्निसा या वेगळ्या कंपनीकडे आहे. जुनं सपोर्ट लॉगिन, जुना करार चालतो का, हे आधी बघा.

सिट्रिक्समध्ये दोन वाटा आहेत. दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं मुख्य सपोर्ट असतो. चालू आवृत्ती दीड वर्षात संपते. ज्या संस्थेत संगणक विभाग म्हणजे दीड माणूस, तिने पहिली वाट धरावी.

क्रम चुकवू नका

प्रत्येक कंपनीचा क्रम वेगळा. सिट्रिक्समध्ये आधी लायसन सर्व्हर, मग स्टोअरफ्रंट आणि डायरेक्टर, त्यानंतर डेस्कटॉपवरचा एजंट. पुढे निम्मे कंट्रोलर, मग डेटाबेस, शेवटी उरलेले कंट्रोलर. होरायझनमध्ये आधी कनेक्शन सर्व्हर, नंतर एजंट, शेवटी क्लायंट. एका ठिकाणचा अनुभव दुसरीकडे जसाच्या तसा लावू नका.

लायसनचा हिशेब

लहान संस्थांत बहुतेकदा मायक्रोसॉफ्टची रिमोट डेस्कटॉप सेवा असते. तिथे सर्व्हर २०१९ वरून २०२२ वर गेलात, तर २०१९ चे क्लायंट परवाने चालत नाहीत; नवे घ्यावे लागतात. गंमत अशी की नव्या सर्व्हरवर १२० दिवस परवान्याशिवायही काम चालतं. सगळे निर्धास्त होतात आणि मुदत सरली की लॉगिन अडतं. सिट्रिक्समध्ये सपोर्ट कराराची तारीख नव्या आवृत्तीच्या तारखेपेक्षा जुनी असेल तर लायसन नाकारलं जातं. करार आधी, अपग्रेड नंतर.

आपल्याकडच्या अडचणी

कंपनीच्या माहितीपत्रकात नसतात त्या गोष्टी इथे अडतात :

- पासबुक प्रिंटर. ड्रायव्हर बदलला की ओळी सरकतात, नोंद भलत्याच रकान्यात पडते.
- बोटाचा ठसा घेणारं यंत्र आणि डिजिटल सहीचं टोकन. यूएसबी आतल्या डेस्कटॉपपर्यंत पोहोचतं का, ते प्रत्यक्ष लावून बघा.
- मराठी टायपिंग. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फायली नव्या प्रतीत फॉन्ट टाकला नाही तर अगम्य दिसतात. इनस्क्रिप्ट कीबोर्डही तपासा.
- जुने थिन क्लायंट. सर्व्हर नवा झाला तरी डब्यातलं सॉफ्टवेअर जुनं राहतं आणि जोडणी होत नाही.
- विंडोज ११ ची प्रत. तिला प्रत्येक व्हर्च्युअल मशीनमागे आभासी टीपीएम लागतो.

परतीची वाट

फक्त सर्व्हरचा स्नॅपशॉट पुरत नाही. डेटाबेस नव्या रचनेत गेला असेल आणि सर्व्हर जुना परत आणला, तर दोघांचं जुळत नाही. दोन्हींचा बॅकअप एकाच वेळचा हवा, आणि तो एकदा परत उतरवून पाहिलेला हवा. मूळ डेस्कटॉप प्रतीची जुनी फाइल किमान महिनाभर पुसू नका.

सगळ्या शाखा एकदम बदलू नका. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकचं एक सदोष अपडेट एकाच वेळी सगळीकडे गेलं, जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक अडले आणि आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. आधी पाच जण निवडा. त्यात कॅशियर हवा, प्रिंटर वापरणारा हवा, आणि नेहमी तक्रार करणारा तर हवाच.

गेटवे विसरू नका

बाहेरून जोडणीचं दार म्हणजे गेटवे. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'सिट्रिक्स ब्लीड' त्रुटीची दुरुस्ती आली, पण ती टाकून भागत नव्हतं. हल्लेखोराने आधीच चोरलेलं सत्र चालूच राहत होतं. म्हणून दुरुस्तीनंतर सगळी चालू सत्रं तोडणं गरजेचं होतं. २०२५ मध्येही अशाच त्रुटीत हीच सूचना आली.

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. अपग्रेडनंतर लॉग साठतात का, ते दुसऱ्याच दिवशी बघा.

मुहूर्त कोणता?

मार्च अखेर, पगाराचा आठवडा, प्रवेशाचे दिवस टाळा. चतुर्थीची सुट्टी मोकळी वाटते, पण त्या दिवसांत कंपनीचा माणूस फोनवर मिळेल का, हे आधी विचारा. वीज खात्याने त्या दिवशी दुरुस्तीसाठी बंद जाहीर केला नाही ना, यूपीएस किती वेळ टिकतो, हेही पाहून ठेवा. ग्राहकांसाठी दारावर सूचना दोन दिवस आधी लावा. आणि 'इतक्या वाजेपर्यंत जमलं नाही तर मागे फिरायचं' ती वेळ, ती ठरवणाऱ्याच्या नावासह, कागदावर लिहूनच कामाला बसा.