गोधडी

गोधडी हे वापरून जुन्या झालेल्या कपड्यांचे थर एकमेकांवर रचून हाताने शिवलेले अंथरूण-पांघरूण आहे. महाराष्ट्राच्या काही भागांत तिला वाकळ असेही म्हणतात.

साहित्य

गोधडीसाठी प्रामुख्याने सुती लुगडी, धोतरे व सदरे वापरले जात. लुगडे विरल्यावर फाटका भाग काढून उरलेले तुकडे जोडले जात. यास दंड घालणे म्हणतात. असे लुगडेही नेसण्याजोगे राहिले नाही की त्याचे कापड तान्ह्या मुलांच्या दुपट्यांसाठी किंवा गोधडीसाठी घेतले जाई, आणि शेवटी उरलेल्या चिंध्यांचे पोतेरे होई. अनेकदा धुतलेले सुती कापड मऊ असते व घाम शोषते, म्हणून नव्या कापडापेक्षा ते या कामास अधिक सोयीचे ठरते.

कृती

धुऊन वाळवलेले कापड जमिनीवर ताणून पसरतात. वर व खाली अखंड लुगडे आणि मध्ये लहान तुकडे अशी सामान्य रचना असते. थर सरकू नयेत म्हणून आधी लांब कच्चे टाके घालतात. नंतर जाड दोऱ्याने धावदोरा घालत कडेकडून मध्याकडे शिवत जातात. जवळजवळ घातलेल्या टाक्यांमुळे आतले तुकडे गोळा होत नाहीत, तर थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे ऊब टिकते. गोधडी विरल्यास तिच्यावर नवा थर चढवून ती पुन्हा शिवतात.

सामाजिक संदर्भ

गोधडी शिवणे हे मुख्यत्वे स्त्रियांचे काम राहिले आहे. घरासाठी केलेल्या या श्रमाचे मोल सहसा पैशांत होत नसे; मात्र मजुरी घेऊन गोधड्या शिवून देणाऱ्या स्त्रियाही आहेत. ठिगळांच्या वस्त्रामुळे संत गाडगे महाराज (१८७६–१९५६) ‘गोधडे महाराज’ म्हणूनही ओळखले जात.

अन्य प्रदेशांतील प्रकार

बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी आणि सिंधमधील रल्ली हे याच तत्त्वावरील प्रकार होत. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजातील स्त्रिया कवंदी शिवतात. त्यांत कडेपासून आत शिवत जातात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची ‘फुले’ लावतात.

सद्यःस्थिती

कृत्रिम धाग्यांच्या साड्यांचा वापर वाढल्याने घरातील जुन्या सुती कापडाचा साठा घटला. कृत्रिम कापड टिकाऊ असले तरी घाम कमी शोषते आणि निसरडे असल्याने थर सरकतात. जुने कपडे बोहारणीला देऊन भांडी घेण्याची पद्धतही रूढ आहे. गिरण्यांतील चादरी व स्वस्त ब्लँकेटांनी गोधडीची रोजची गरज कमी केली. यांतील काही ब्लँकेटेही जुन्या कपड्यांचीच असतात: हरियाणातील पानिपत येथे जुने लोकरी कपडे पिंजून त्यांच्या धाग्यापासून ती विणली जातात. मात्र गोधडीत मूळ कापड ओळखता येते. त्यामुळे आई-आजीच्या लुगड्यांच्या गोधड्या आठवण म्हणूनही जपल्या जातात.