पोरांत दम नाही?

रांजणगावच्या पारावर रोज ऐकतो, "आताच्या पोरांत दमच नाही." मंडळी, दोष पोरांचाच का? २००७ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, एकाच वयाच्या पुरुषांत पूर्वीपेक्षा टेस्टोस्टेरॉन कमी भरतंय. वाढतं वजन हे कारण आहेच, पण तेवढ्यानं हिशोब पुरा होत नाही.

आपल्या देशातला दाखला केरळच्या कासारगोडचा. तिथं काजूच्या बागांवर वीसेक वर्षं हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान फवारलं. २००३ च्या अभ्यासात तिथल्या शाळकरी मुलांत हेच संप्रेरक वयाच्या मानानं कमी निघालं, वयात येणंही लांबलेलं. सुप्रीम कोर्टाची बंदी आली २०११ ला!

ते औषध गेलं, बाकीची आहेत. आणि आपण अजून तोंडाला फडकं न बांधता फवारतोय. पोरांना नावं ठेवण्याआधी पाठीवरच्या पंपाकडं बघा.