सामोस बेटावरील एक प्राचीन बंदर

आशियामायनरच्या किनाऱ्यापासून मैलभर रुंदीच्या सामुद्रधुनीनें तोडलेलें सामोस नांवाचें एक ग्रीक बेट आहे. त्याच्या आग्नेय किनाऱ्यावर पिथागोरिओ हें लहानसें गांव आहे. इ.स. १९५५ पर्यंत ह्या गांवाला ‘तिगानी’ म्हणत. तिगानी म्हणजे तळणाचा तवा. बंदराचा गोल आकार पाहून हें नांव पडलें असें सांगतात. पुढें काटकोन त्रिकोणाच्या प्रमेयानें शाळेंत आपणां सर्वांस घाम फोडणाऱ्या पायथागोरसच्या स्मरणार्थ गांवाचें नांव बदललें. मौज अशी कीं, हा थोर पुरुष सामोसमध्यें जन्मला खरा, परंतु तेथील राजसत्तेला कंटाळून तो इटलींत क्रोटोन येथें निघून गेला, अशी परंपरा आहे.

ती राजसत्ता पॉलिक्रेटीसची. इ.स.पू. ५३८ च्या सुमारास त्यानें दोन भावांच्या मदतीनें बेट बळकाविलें. मग एका भावास ठार केलें आणि दुसऱ्यास हांकून दिलें. पन्नास वल्ह्यांचीं शंभर गलबतें बाळगून तो मित्र-शत्रु न पाहतां सर्वांस लुटी. त्याची कोणतीहि मोहीम फसेना. तेव्हां त्याचा मित्र, मिसरचा राजा अमासिस, ह्यानें लिहून कळविलें कीं, इतकें अखंड सुदैव देवांना सहन होत नाहीं. तुला अत्यंत प्रिय अशी वस्तु फेंकून दे. पॉलिक्रेटीसनें आपली पाचूची मुद्रा खोल समुद्रांत टाकली. पांच-सहा दिवसांनीं एका कोळ्यानें एक मोठा मासा राजास नजर केला आणि त्याच्या पोटांतून तीच अंगठी निघाली!

श्रोत्यांना येथें शाकुंतलाची आठवण होणारच. परंतु दुष्यन्ताची मुद्रिका माशाच्या पोटांतून आली ती गेलेलें सुख परत देण्यासाठीं. पॉलिक्रेटीसची आली ती त्याचा मित्र तोडण्यासाठीं. अशा माणसाचा अंत चांगला होणार नाहीं, हें ओळखून अमासिसनें मैत्री सोडली. पुढें इराणी सुभेदार ओरोइटीस ह्यानें दगडांनीं भरलेल्या आठ पेट्यांवर सोन्याचा थर पसरून त्यास भुलविलें. मुलीनें वाईट स्वप्न सांगून विनवलें, तरी तो गेला आणि इ.स.पू. ५२२ त हालहाल होऊन मेला.

कथा कथा म्हणून सोडून देऊं. पण ती सांगणारा हिरोडोटस म्हणतो कीं, सामोसविषयीं आपण इतकें विस्तारानें लिहिलें ह्याचें कारण तेथील तीन प्रचंड कामें: बंदराचा बांध, हेरा देवीचें मंदिर आणि डोंगराच्या पोटांतून नेलेलें पाणी. बांधाचा पाया आजच्या धक्क्याखालीं आहे. मंदिराच्या दीडशेंहून अधिक खांबांपैकीं एकच, तोहि निम्मा, उभा आहे. बोगदा मात्र जवळजवळ जसाच्या तसा आहे.

त्याची करामत समजून घेण्याजोगी आहे. झरा डोंगराच्या पलीकडे आणि शहर अलीकडे. उघड्यावरून पाट आणावा तर वेढा पडतांच शत्रु तो तोडणार. म्हणून डोंगर दोन्ही बाजूंनीं एकाच वेळीं पोखरण्यास आरंभ झाला. लांबी १,०३६ मीटर, उंची व रुंदी सुमारें सहा फूट. हत्यारें म्हणजे हातोडा आणि छिन्नी. इतक्या अरुंद तोंडाशीं एका वेळीं एक-दोन माणसेंच खोदूं शकत. उत्तरेकडील टोळीस ठिसूळ खडक लागला, तेव्हां ती ठरलेली रेघ सोडून वळसा घेऊन आली. दोन सरळ बोगदे शेजारून निघून गेले तर कधींच मिळावयाचे नाहींत. म्हणून भेटीची जागा जवळ येतांच दिशा मुद्दाम बदलली, कीं एक रेघ दुसरीस छेदलीच पाहिजे. तळ जवळजवळ सपाट असल्यामुळें पाण्याला उतार मिळावा म्हणून त्यांतच दुसरी चर खणली. ती उत्तरेस सुमारें चार मीटर, तर दक्षिणेस आठ मीटरांहून खोल आहे. तिच्या तळाशीं मातीचे नळ होते, आणि त्यांतून सुमारें हजार वर्षें गांवाला पाणी मिळालें.

ह्याचें श्रेय कोणाचें? पुष्कळ पुस्तकांत ‘पॉलिक्रेटीसचा बोगदा’ असें सर्रास लिहिलेलें आढळतें. हिरोडोटस मात्र बोगद्याच्या संबंधांत त्या राजाचें नांव घेत नाहीं. मेगारा गांवच्या नॉस्ट्रोफोसचा पुत्र युपालिनोस असें स्थपतीचें नांव तो बापाच्या नांवासकट देतो. कांहीं संशोधक तर हें काम पॉलिक्रेटीसच्या पूर्वींचें मानतात. तटाभोंवतींचा खंदक लेस्बॉसच्या कैद्यांनीं बेड्या घालून खणला, हें मात्र हिरोडोटसनें स्पष्ट नमूद केलें आहे. प्रजा दरिद्री आणि कामांत गुंतलेली राहावी म्हणून जुलमी राजे असलीं बांधकामें काढतात, असें म्हणतांना ॲरिस्टॉटलनें सामोसचेंच उदाहरण घेतलें. हुकूमशहाच्या नांवावर रस्ते आणि पूल जमा करून त्याचे गुन्हे वजा करणारे लोक आपल्या काळींहि आहेत. त्यांनीं हा उतारा अवश्य पाहावा.

इ.स. १८८२ मध्यें बेटावरील लोकांनीं बुजलेला बोगदा मोकळा केला. जर्मन पंडित फाब्रिसियस ह्यानें १८८४ त त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि १९९२ त युनेस्कोनें हें बंदर व मंदिर जागतिक वारशांत समाविष्ट केलें.

आतां आपल्या जिव्हाळ्याची एक गोष्ट राहिली. इ.स.पू. २० च्या हिवाळ्यांत रोमन सम्राट ऑगस्टस सामोसमध्यें मुक्कामास असतांना हिंदुस्थानांतून आलेलें एक राजदूतमंडळ त्यास भेटलें, असें डिओ कॅसियस लिहितो. नजराण्यांत वाघ होते. रोमन लोकांनीं तो प्राणी तेव्हां प्रथमच पाहिला. हात नसलेला एक मुलगाहि होता. तो पायांनीं धनुष्य ओढी. ह्याच मंडळींतील एका पुरुषानें पुढें अथेन्समध्यें हंसतमुखानें अग्निप्रवेश केला. त्याच्या थडग्यावरील लेख स्ट्राबोनें उतरून ठेवला आहे. त्यांत त्याचें गांव ‘बार्गोसा’ असें दिलें आहे, आणि तें आपलें भडोच असावें असें अनेक विद्वानांचें मत आहे.