डाय कटिंग म्हणजे काय? जाळीदार डाय कागद नीट का कापत नाही?

रील्समध्ये तुम्ही पाहिलं असेलच. कुणीतरी हँडल फिरवतं, प्लेट बाहेर येते आणि कागदाची लेससारखी नाजूक जाळी अलगद उचलली जाते. तेच बघून मीही एक डाय मागवला. पहिल्याच प्रयत्नात अर्धी जाळी डायमध्ये अडकली आणि उरलेली फाटली. डाय खराब निघाला असं मला वाटलं, पण चूक माझी होती. बहुतेकांचं इथेच अडतं, म्हणून आज हे जरा नीट समजून घेऊया.

डाय म्हणजे साध्या भाषेत धातूचा साचा. शंकरपाळ्याच्या कटरसारखाच, फक्त खूप पातळ. कार्डांसाठी वापरतात ते डाय स्टीलच्या पत्र्याचे असतात आणि त्यांच्या एका बाजूला बारीक उभी धार असते. ही धार घासून काढलेली नसते. पत्र्यावर डिझाइनचा संरक्षक थर देतात आणि बाकीचा धातू रसायनाने खाऊन टाकतात. मोबाईलच्या सर्किट बोर्डवरच्या तांब्याच्या रेषाही साधारण याच पद्धतीने तयार होतात, म्हणूनच इतकी बारीक नक्षी शक्य होते.

मशीनमध्ये दोन रोलर असतात. त्यांच्यामधून प्लेट, डाय, कागद आणि वर पुन्हा प्लेट असं 'सँडविच' जातं. डायची धार कागदाकडेच हवी, हे विसरू नका. घरगुती हँडलवाल्या बऱ्याच मशीनमध्ये साधारण ६ इंच रुंदीचा डाय मावतो. सिझिक्सचं बिग शॉट हे त्यातलं ओळखीचं नाव.

मग जाळीदार डायच का त्रास देतो?

कारण दाब वाटला जातो. साध्या गोलाला धार असते फक्त कडेला. तेवढ्याच आकाराच्या जाळीत आत शेकडो वळणं, म्हणजे धारेची एकूण लांबी कितीतरी पट जास्त. रोलरचा जोर मात्र तेवढाच! त्यामुळे धारेच्या प्रत्येक मिलिमीटरला कमी दाब मिळतो आणि मधला भाग कच्चा राहतो.

यावर पहिला उपाय म्हणजे शिम. सँडविचमध्ये साध्या प्रिंटर पेपरचा एक तुकडा वाढवा आणि पुन्हा चालवा. नाही जमलं तर अजून एक. एकदम पाच घालू नका. हँडल अडलं तर जोर लावायचा नाही, सँडविच जाड झालंय असं समजायचं. जोर लावला तर प्लेट तडकू शकते किंवा डाय वाकू शकतो. (प्लेटवर चरे पडणं आणि कटकट आवाज येणं मात्र नॉर्मल आहे, घाबरू नका.) दुसरं म्हणजे डाय थोडा तिरका ठेवा, म्हणजे लांब सरळ धार एकाच वेळी रोलरखाली येत नाही. काही मशीनसाठी जाळीदार डायकरिता वेगळी धातूची प्लेट मिळते. असे डाय जास्त वापरणार असाल तर माझ्या मते तो खर्च वसूल होतो.

कागद अडकतो तो वेगळा प्रश्न. डाय आणि कागद यांच्यामध्ये वॅक्स पेपर ठेवला की जाळी सहज सुटते. डायच्या मागे बारीक भोकं असतात, तिथून सुईने हळूच ढकलायचं. कागद गुळगुळीत आणि १२० ते २०० जीएसएमचा घ्या. हातकागद दिसतो छान, पण त्याचे लांब तंतू बारीक वळणात तुटत नाहीत, ओढले जातात.

चिकटवताना जाळीवर गोंद लावत बसाल तर वैतागाल. कापण्याआधीच कागदाच्या मागे दुहेरी चिकट शीट लावा. कापून झालं की सरळ स्टिकरच तयार!

फोनवरून कापता येतं का?

येतं, पण त्याला डाय लागत नाही. क्रिकटसारख्या मशीनमध्ये छोटं पातं फिरतं आणि डिझाइन फोनवरच्या डिझाइन स्पेस ॲपमधून ब्लूटूथने जातं. एकच फूल शंभर कार्डांवर हवं असेल तर डायच बरा, कारण तो वीज आणि ॲप दोन्ही मागत नाही. प्रत्येक कार्डावर वेगळं नाव हवं असेल तर क्रिकट.

आणि नाव मराठीत असेल तर एक फायदा फुकट मिळतो. शिरोरेखेमुळे बहुतेक वेळा अख्खा शब्द एकाच तुकड्यात कापला जातो. फक्त अक्षरं एकमेकांवर चढत असतील तर ॲपमध्ये आधी जोडून त्यांचा एकच आकार करा, नाहीतर पातं प्रत्येक अक्षर वेगळं कापेल. अनुस्वाराचा टिंब मात्र सुटून पडतोच. तो बाजूला जपून ठेवा, नाहीतर 'आनंद'चा 'आनद' होईल.